ब्रह्मपुरीची छावणी आणि तेथील राजबंदी

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचे वर्णन करताना इतिहासकारांचे लक्ष स्वाभाविकपणे किल्ल्यांच्या वेढ्यांकडे, गनिमी काव्याच्या चढायांकडे आणि जिंजीच्या प्रदीर्घ संग्रामाकडे वेधले जाते. या युद्धात शत्रूच्या हाती सापडलेल्या थोर अधिकाराच्या माणसांचे पुढे काय होत असे, त्यांना कोठे व कोणत्या नियमांनी ठेवीत, आणि त्यांच्या बंदिवासाचा राजकारणावर कोणता परिणाम घडे, हा प्रश्न मात्र बहुधा चरित्रलेखकांच्या हळव्या प्रकरणांपुरता राहिला आहे. वास्तविक सतराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनेतील असा सर्वांत मोठा बंदिवास आजच्या सोलापूर जिल्ह्यातच, मंगळवेढे तालुक्यात भीमेच्या काठी नांदत होता. मे १६९५ पासून ऑक्टोबर १६९९ पर्यंत औरंगजेब बादशाहाचा मुक्काम ब्रह्मपुरी येथे होता. आणि बादशाहाच्या डेऱ्यांच्या आवारालगतच संभाजी महाराजांची राणी येसूबाई व पुत्र शाहू यांचे डेरे होते. बंदीखाना म्हणून वेगळी इमारत तेथे नव्हती. छावणी हाच बंदीखाना होता.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बादशाहाने ब्रह्मपुरीचे नाव बदलून इस्लामपुरी असे ठेवले आणि फारसी तवारिखांत याच नावाने तिचा उल्लेख येतो. अभ्यासकांनी या इस्लामपुरीची गल्लत वाळवे तालुक्यात इस्लामपूर या नावाने ओळखल्या गेलेल्या गावाशी, अथवा ब्रह्मपुरीची गल्लत चांदा प्रांतातील ब्रह्मपुरीशी, करू नये. नवे नाव दरबारी कागदांपलीकडे रुजले नाही. लोकांच्या तोंडी ब्रह्मपुरी ती ब्रह्मपुरीच राहिली. शेजारच्या माचणूर येथील किल्ला याच मुक्कामाच्या वेळचा मानतात. माचणूरच्या सिद्धेश्वराविषयी एक आख्यायिका त्या भागात सर्वतोमुखी आहे. बादशाहाने देवास मांसाचा नैवेद्य पाठविला, वस्त्र दूर करताच त्याची पांढरी फुले झालेली दिसली, आणि मांसाचा ‘नूर’ पालटला म्हणून गावास माचणूर हे नाव पडले, अशी ती कथा. कथा म्हणून ती रम्य आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. ‘मांस’ मधील सकाराचा चकार होण्यास मराठीच्या ध्वनिपरिवर्तनात आधार सापडत नाही, आणि अंती येणारे ‘ऊर’ हे कानडीतील ग्रामवाचक पद सोलापूरच्या दक्षिणेस हत्तूर यांसारख्या नावांतून उघड दिसते. नाव बादशाहाहून जुने असले पाहिजे. तथापि छावणी उठून गेल्यावर लोकांनी तिची आठवण देवाच्या कथेत आणि गावाच्या नावात साठवून ठेवली, हे या आख्यायिकेवरून कळते; आणि तेवढ्यापुरते तिचे मोल आहे.

सोलापूरचा प्रदेश बादशाहास नवीन नव्हता. सोलापूरचा किल्ला १६६८ मध्ये विजापूरकरांकडून मोगलांकडे आला होता, आणि १६८५ साली औरंगजेबाने येथेच तळ देऊन विजापूरच्या वेढ्याची सूत्रे हलविली होती. विजापूर १६८६ मध्ये व गोवळकोंडे १६८७ मध्ये पडले. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. युद्ध संपले असा बादशाहाचा ग्रह झाला असल्यास त्यात नवल नाही. प्रत्यक्षात ते पसरले. राजाराम महाराज जिंजीस गेले, रामचंद्रपंत अमात्य महाराष्ट्रात राहिले, आणि संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या फौजा तुंगभद्रेपासून गोदावरीपर्यंत कोठेही उमटू लागल्या. अशा युद्धात बादशाहास एखाद्या राजधानीत बसून भागण्यासारखे नव्हते. कृष्णेच्या काठच्या गलगल्यावरून तो भीमेच्या काठी आला तो बारमाही पाणी आणि वैरण यांच्या सोयीने, तसेच विजापूर, सोलापूर व पंढरपूर या तिन्ही दिशांवर नजर ठेवता यावी या हेतूने.

या छावणीचा विस्तार केवढा होता याची कल्पना जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाच्या वृत्तान्तावरून येते. तो १६९५ च्या मार्चमध्ये गलगले येथे आला होता. म्हणजे तळ ब्रह्मपुरीस हलण्यापूर्वी अवघे दोन महिने. छावणीचा घेर त्याने तीस मैल सांगितला असून माणसांची संख्या पाच लाख दिली आहे; साठ हजार स्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती आणि अडीचशे बाजार असा त्याचा हिशेब आहे. हे आकडे ऐकीव आहेत आणि ऐकीव आकड्यांना फुगण्याची सवय असते. परंतु ते अर्ध्यावर आणले तरी त्या काळी महाराष्ट्रातील कोणत्याही शहराहून हे चालते शहर मोठे होते, याविषयी शंका राहत नाही. कारेरीची आणखी एक नोंद प्रस्तुत विषयास अधिक महत्त्वाची आहे. विजापूरचा पदच्युत सुलतान सिकंदर आदिलशाह लवाजम्यासह बादशाहाच्या मुजऱ्यास जाताना त्याने पाहिला. एकोणतीस वर्षांचा, बांधेसूद, सावळा तरुण, असे त्याचे वर्णन तो करतो. राज्य गेलेला राजा बेड्यांत नसून मिरवणुकीत होता, आणि तरीही तो कैदी होता. परक्या प्रवाशाच्या डोळ्यांना हे दृश्य विलक्षण वाटले. मोगल दरबारास त्यात काही विशेष वाटत नव्हते.

ही व्यवस्था समजून घ्यावयाची तर ‘गुलालबार’ या शब्दापासून आरंभ करावा लागतो. बादशाही डेऱ्यांभोवतीच्या तांबड्या आवारास हे नाव होते. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त हे आवार म्हणजे अकबराचीच कल्पना असल्याचे सांगितले असून, ते शंभर गज चौरसाहून लहान कधीच नसते आणि त्याच्या दारांना कुलपे-किल्ल्या असतात, असे नमूद केले आहे. म्हणजे कापडाच्या शहरात कुलूप लागणारे दार होते ते एवढेच. रायगड नोव्हेंबर १६८९ मध्ये इतिकादखानाच्या हाती पडला. या कामगिरीबद्दल त्यास झुल्फिकारखान हा किताब मिळाला. येसूबाई, सात वर्षांचा शाहू, शाहूचा सावत्र भाऊ मदनसिंग आणि शिवाजी महाराजांची राणी सकवारबाई ही मंडळी बादशाहापुढे आली तेव्हा त्यांस या गुलालबारेनजीकच उतरविण्याचा हुकूम झाला. ‘मआसिर-इ-आलमगिरी’चा कर्ता साकी मुस्तैदखान सांगतो की, शाहूस सात हजारी मनसब, ‘राजा’ हा किताब, खिलत, हत्ती, घोडा, नगारा आणि निशाण ही देण्यात आली.

सात वर्षांच्या मुलास सात हजारी मनसब. या घटनेकडे इतिहासलेखकांनी दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक पक्ष यात बादशाहाचे औदार्य पाहतो. दुसरा पक्ष त्यास निव्वळ सोंग मानून कैदेच्या हालांवर भर देतो. दोन्ही पक्ष एकच चूक करतात. सुख आणि स्वातंत्र्य या एकाच मापाने मोजण्याच्या गोष्टी आहेत असे ते गृहीत धरतात. मोगल राज्ययंत्राच्या दफ्तरात माणसांचे वर्ग ठरलेले होते. कोणी मनसबदार असे, कोणी जमीनदार असे, कोणी बंडखोर असे. ‘शत्रूचा राजा’ असा खाना त्या दफ्तरात नव्हता, कारण शत्रूला राजा म्हणणे म्हणजे त्याचे राज्य मान्य करणे होय. संभाजी महाराजांना बंडखोराच्या सदरात घातल्यावर त्यांचा शेवट ठरून गेला. मुलास मनसबदाराच्या सदरात घातले. मनसब हे बक्षीस नव्हते, तसेच ते सोंगही नव्हते. ज्या कप्प्यात हा मुलगा ठेवावयाचा त्या कप्प्याचे ते नाव होते. सात हजारी मनसबदाराकडे फौज असावी लागते. या मनसबदाराकडे फौज नव्हती, आणि त्याच्या भोवतीच्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे होती.

येथे येसूबाईंच्या माहेरचा उल्लेख करणे उद्बोधक ठरेल. त्या शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या कन्या. संभाजी महाराजांशी वितुष्ट आल्यामुळे त्यांचा भाऊ गणोजी शिर्के मोगलांकडे गेला आणि मनसबदार झाला. बहीण आत बंदिवान आणि भाऊ बाहेर सरदार, भाचा सात हजारी आणि मामाही मनसबदार, असा हा प्रकार होता. दफ्तरात मामा-भाच्यांची जात एकच दिसली असती. भेद दिसत होता तो दफ्तराबाहेर. मामास आपली फौज घेऊन निघून जाता येत असे. जिंजी पडण्यापूर्वी राजाराम महाराजांच्या सुटकेस गणोजीचे साहाय्य झाले, अशी समजूत आहे. तसे साहाय्य करण्याची मोकळीक त्यास होती म्हणूनच ती समजूत संभवते.

आता मराठ्यांच्या बाजूकडे वळले पाहिजे. कारण पकडलेल्या सेनानींविषयी मराठ्यांची रीत याहून मुळातच निराळी होती आणि हा भेद शब्दांतही उतरलेला आहे. बखरींत लढाईत हाती सापडलेल्या सरदारासाठी ‘पाडाव होणे’, ‘पाडाव करणे’ हे प्रयोग येतात; त्यांच्या जोडीस ‘दस्त करणे’ हा फारसी ‘दस्त’ म्हणजे हात या शब्दावरून आलेला प्रयोगही आढळतो. दोन्ही शब्द क्षणाचे आहेत. माणूस पडला, माणूस हाती आला, एवढेच ते सांगतात. पुढे त्यास ठेवून घेण्याची कल्पना त्यांत नाही. ठेवून घेण्याचे शब्द ‘कैद’, ‘नजरकैद’, ‘नजरबंद’ असे आहेत, आणि ते सारे अरबी-फारसीतून आले आहेत. मराठीत बंदिवासाची कल्पनाच नव्हती असा याचा अर्थ नव्हे. ‘बंदी’ हा शब्द जुना आहे आणि डोंगरी किल्ल्यांवर कैदी ठेवण्याची चाल शिवकालातही चांगली परिचित होती. परंतु लढाईत सापडलेला नामांकित शत्रू हा दीर्घकाळ पोसण्याचा माणूस नव्हे, त्यास सोडण्याची काही किंमत ठरवावी, ही मराठी लष्करी व्यवहाराची धारणा होती. त्या किमतीचा शब्द ‘खंडणी’. ‘खंडणे’ म्हणजे एकरकमी ठरवून मोकळे होणे. शेत खंडाने देतात तो खंड आणि सरदाराची खंडणी ही एकाच धातूची भावंडे आहेत. एकदा ठरले, दिले, सुटले.

कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीस लिहिली. ब्रह्मपुरीची छावणी ज्या वर्षांत उभी होती साधारण त्याच वर्षांतील ते लेखन आहे. साल्हेरच्या १६७२ च्या लढाईत पाडाव झालेल्या नामांकित वजिरांची संख्या तो बावीस देतो. इखलासखान आणि मुहकमसिंग हे त्यांतील प्रमुख. त्यांच्या जखमा बऱ्या करून, वस्त्रे देऊन त्यांस मार्गस्थ करण्यात आले. पुढल्याच वर्षी उमराणीजवळ प्रतापराव गुजराने विजापूरच्या बहलोलखानाचे पाणी तोडले आणि खान अडचणीत सापडताच त्यास जाऊ दिले. उमराणी जत तालुक्यात, ब्रह्मपुरीपासून फार दूर नाही. शिवाजी महाराज या सोडण्यावर रुष्ट झाले. सोडण्यास त्यांचा विरोध नव्हता, हे साल्हेरवरून स्पष्ट आहे. लढाई पुरी न करता, काही पदरी न पाडता सोडले, यास त्यांचा विरोध होता. बहलोलखान पुन्हा चालून आला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापरावाने मोजक्या स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडून देह ठेवला. याच प्रतापरावाचे मुलगे पुढे शाहूबरोबर मोगलांच्या छावणीत बंदी होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवी.

स्वातंत्र्ययुद्धात ही खंडणीची रीत अधिकच व्यापक झाली, कारण मराठ्यांजवळ ना स्थिर राजधानी होती, ना कैदी पोसण्याइतका निवांतपणा. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखान कुटुंबासह सापडला. लाखाची खंडणी घेऊन काही दिवसांतच त्यास सोडले. १६९२ च्या अखेरीस कांचीकडे अलिमर्दानखान संताजीच्या हाती लागला. त्याचीही सुटका मोठ्या रकमेवर झाली. या सर्वांवर ताण करणारा प्रसंग म्हणजे नोव्हेंबर १६९५ मधील दोड्डेरीचा. चित्रदुर्गाच्या मुलखातील या लहानशा गढीत संताजीने कासिमखान आणि खानाजादखान यांस कोंडले. बादशाहाच्या ब्रह्मपुरीतील मुक्कामास तेव्हा सहा महिने झाले होते आणि ही फौज तेथूनच मिळालेल्या हुकमांवर चालली होती. अन्न संपले. कासिमखान गढीतच मेला. अफूवाचून मेला असे काही म्हणतात, विष घेतले असे इतर म्हणतात. उरलेल्या उमरावांनी वीस लाखांची खंडणी कबूल केली, जनावरे व चीजवस्तू सोडून दिली आणि ते रित्या हातांनी बाहेर पडले. खाफीखान सांगतो की, रक्कम पोहोचेपर्यंत प्रत्येक सरदाराने आपला जवळचा नातलग अथवा हाताखालचा मोठा अधिकारी ओलीस ठेवावा असे ठरले होते.

‘ओलीस’ हा शब्द येथे प्रथम आला. त्याचा अर्थ नीट ध्यानी घेतला म्हणजे या साऱ्या व्यवहाराचा कणा हाती लागतो. युरोपात पकडलेल्या अधिकाऱ्याने पुन्हा शस्त्र न धरण्याचा शब्द दिला की त्यास सोडण्याची प्रथा होती आणि १८९९ व १९०७ च्या हेगच्या करारांनी तिला कायद्याचे रूप दिले. अधिकाऱ्याचा शब्द हीच तेथे तारण वस्तू होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीने फ्लॉरेन्सजवळील विंचिल्याता या गढीत ब्रिटिश सैन्याचे जनरल व ब्रिगेडियर ठेवले होते. त्यांच्या दर्जास साजेशी वागणूक मिळे. त्यांनी शब्द दिला नव्हता, तर भुयार खणले, आणि मार्च १९४३ मध्ये सहाजण त्यातून बाहेर पडले. पैकी न्यूझीलंडचे हार्गेस्ट आणि माइल्स हे दोघे स्वित्झर्लंडपर्यंत पोहोचले. दख्खनेत शब्दावर कोणी सुटत नव्हते आणि भुयाराचीही गरज नव्हती; एकाच्या जागी दुसरे माणूस ठेवावयाचे, ही येथील रीत होती. माणसाचे तारण माणूस. मराठे ओलीस घेत ते रकमेसाठी आणि आठवड्या-महिन्यांच्या मुदतीने. बादशाहाने ओलीस ठेवले ते राज्यासाठी, मुदत न सांगता.

ब्रह्मपुरीची चार-साडेचार वर्षे शाहूच्या आयुष्यात कोणती होती हे पाहावे. त्याचा जन्म मे १६८२ चा. छावणी भीमेवर आली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि छावणी हलली तेव्हा सतराचा. मुलगा पुरुष होण्याचा काळ त्याने या काठी घालविला. बादशाहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिचा या कुटुंबावर लोभ होता, याविषयी साधनांत एकवाक्यता आहे, आणि मायलेकांची राहणी तिच्या देखरेखीमुळे सुसह्य झाली हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु याच काळात त्याच्या कानी काय येत होते? १६९७ मध्ये संताजी घोरपड्याचा खून झाला. म्हसवडच्या नागोजी माने याने त्याचे शिर बादशाहाकडे पोहोचविले. पुढल्या वर्षी जिंजी पडली. विजयाच्या नौबती याच छावणीत झडल्या असतील. ज्याच्या नावे ते राज्य होते त्या मुलाचा डेरा त्या नगारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होता. भीमेस महापूर येऊन छावणीची भयंकर हानी झाली तोही प्रसंग याच मुक्कामातील.

शाहू या नावाचाही विचार येथेच केला पाहिजे, कारण ते नाव कैदेत पडले अशी एक समजूत रूढ आहे. मुलाचे पाळण्यातील नाव शिवाजी. बादशाहाने त्याच्या आजास चोर म्हटले आणि नातवास साव म्हणून त्याचा ‘सावू’, ‘साहू’ असा उल्लेख केला, ही गोष्ट ग्रँट डफने दिली आणि पुढे पुष्कळांनी उचलली. ‘साव’ हा शब्द संस्कृत ‘साधु’पासून ‘साहु’ या प्राकृत रूपाच्या द्वारे येतो. त्याचा विरोधी शब्द चोर हाच आहे. तेव्हा भाषेच्या दृष्टीने कोटी निर्दोष आहे. पण कोटी निर्दोष असणे आणि व्युत्पत्ती खरी असणे यांत अंतर आहे. मुलाच्या पणजोबाचे नाव शहाजी. घराण्यात ‘शाह’ हे पद आधीपासून नांदत होते, आणि ‘शाहू’ हे त्याचेच लाडके रूप होणे अगदी स्वाभाविक आहे. दरबारात कोणी या नावावर श्लेष केला असेल आणि तो श्लेषच पुढे नावाचे मूळ म्हणून सांगितला गेला असेल. बादशाहाने नाव दिले ही कथा पुढे कोणाच्या सोयीची होती हेही पाहावे. ज्यांना शाहू मोगलांच्या हातचा बाहुला आहे असे दाखवावयाचे होते त्यांना ती उपयोगी होती; आणि ज्यांना त्याचे साधुत्व गावयाचे होते त्यांनाही ती तितकीच उपयोगी होती.

ऑक्टोबर १६९९ मध्ये बादशाह किल्ल्यांच्या मोहिमेवर निघाला आणि ब्रह्मपुरीचा तळ असदखान वजिराच्या हवाली करण्यात आला. सिकंदर आदिलशाह पुढल्या वर्षी साताऱ्याच्या परिसरात मेला. गोवळकोंड्याचा अबुल हसन दौलताबादच्या किल्ल्यात खितपत पडून याच सुमारास संपला. जिंकलेल्या दोन सुलतानांचे असे झाले. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले आणि ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावे कारभार हाती घेतला. आता शाहूची किंमत पालटली. मराठ्यांच्या गादीचे दोन वारस झाले, आणि त्यांपैकी एक बादशाहाच्या डेऱ्याजवळ होता.

या नव्या किमतीचा पहिला वापर मे १७०३ मध्ये झाला. शाहूने धर्मांतर करावे असा बादशाहाचा आग्रह पडला. शाहूने तो मानला नाही. प्रतापराव गुजराचे पुत्र खंडेराव व जगजीवन यांनी त्याच्याऐवजी इस्लामचा स्वीकार केला आणि प्रसंग टळला. मराठी परंपरा यास स्वामिनिष्ठेची परिसीमा मानते, आणि तसे मानणे योग्यच आहे. परंतु या घटनेचे रूप नीट पाहिले तर ते ओलिसाचेच आहे. एकाच्या जागी दुसरा देणे येथेही घडले, मात्र देवघेव रकमेची नसून धर्माची होती. सात हजारी मनसब हे सन्मानाचे पद होते की कैदेचे, याविषयी संशय उरला असल्यास तो या प्रसंगाने फिटावा. सन्मानित सरदाराच्या जागी दुसऱ्याने असे स्वतःस देण्याची पाळी येत नसते. त्याच साली शहाजादा कामबक्षाच्या मध्यस्थीने शाहूच्या सुटकेचे बोलणे मराठ्यांशी चालले आणि मोडले. पुढे शाहू झुल्फिकारखानाच्या देखरेखीखाली गेला. त्याची लग्ने छावणीतच झाली. सिंदखेडच्या जाधवांची आणि कण्हेरखेडच्या शिंद्यांची कन्या अशा दोन वधू आल्या. लग्नप्रसंगी बादशाहाने जे परगणे दिले त्यांत अक्कलकोटाचे नाव ग्रँट डफ घेतो.

औरंगजेब मार्च १७०७ मध्ये अहमदनगर येथे वारला. शहाजादा आजम गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि मे महिन्यात, भोपाळजवळ दोराहा येथे, झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने शाहूस निरोप देण्यात आला. हेतू उघड होता. ताराबाईंशी त्याचे भांडण लागावे आणि मराठ्यांनी मोगलांची पाठ सोडावी, यासाठीच वारस इतकी वर्षे जतन केला होता. मात्र येसूबाई, मदनसिंग आणि कुटुंबातील इतर मंडळी मागे ठेवून घेण्यात आली. ओलीस संपला नव्हता. माणसे बदलली होती.

सुटून आलेल्या शाहूपुढे पहिला प्रश्न लढाईचा नव्हता, ओळखीचा होता. सातव्या वर्षी गेलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी परत आला, तोही मोगली रिवाजात वाढून. तो तोतया नसेल कशावरून, असा पुकारा ताराबाईंच्या पक्षाने केला. परसोजी भोसल्याने त्याच्या ताटात जेवून ही शंका सरदारांच्या मनातून काढली, असे सांगतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. संभाजी महाराजांनी राज्य घालविले, ते राजाराम महाराजांनी नव्याने मिळविले, म्हणून बंदिवासातील पुत्रास त्यावर हक्क उरला नाही, हा तो आक्षेप. या आक्षेपास उत्तर शस्त्रानेच द्यावे लागले. धनाजी जाधव शाहूस मिळाला, ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडची लढाई झाली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला. दक्षिणेकडे येताना पारद गावी घडलेल्या चकमकीत गावच्या लोखंडे पाटलाचा मृत्यू झाला होता. त्याचा मुलगा राणोजी यास शाहूने पदरी घेतले, फत्तेसिंग भोसले हे नाव दिले आणि पुढे अक्कलकोट त्याच्याकडे सोपविले. सोलापूरच्या पूर्वेस १९४८ पर्यंत जे संस्थान नांदले त्याचा उगम असा या सुटकेच्या वाटेवर आहे. अनाथ झालेल्या शत्रूच्या मुलास जवळ करून मोठेपणा देण्याची ही कृती शाहू कोठे शिकला असेल, याचा तर्क वाचकांनी करावा.

मोगलांचा हिशेब एका अर्थी बरोबर ठरला. मराठ्यांत दुही माजली आणि ती वारणेच्या तहापर्यंत, म्हणजे १७३१ पर्यंत, पुरली. दुसऱ्या अर्थी तो पार चुकला. मनसबदाराच्या सदरात घातलेला हा बंदी राजा झाल्यावर त्याने ते सदर नाकारले नाही, तर त्यावर दावा सांगितला. बादशाहाचा सेवक या नात्यानेच त्याने दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मागितली. जी मनसब कोंडण्यासाठी दिली होती तिच्यातून हक्काची भाषा निर्माण झाली. १७१८ मध्ये सय्यद हुसेनअलीशी करार ठरला, बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीस गेला, फर्रुखसियर पदच्युत झाला, आणि मार्च १७१९ मध्ये स्वराज्याची, चौथाईची व सरदेशमुखीची सनद मराठ्यांच्या हाती पडली. करारात पैसा, मुलूख आणि फौजेची चाकरी यांबरोबर शाहूच्या कुटुंबाची सुटका हेही कलम होते, आणि इतर कलमांच्या तुलनेत इतिहासग्रंथांतून त्यास एक ओळ मिळते.

बाळाजी विश्वनाथाबरोबर येसूबाई दक्षिणेत परतल्या आणि जुलै १७१९ मध्ये साताऱ्यास पोहोचल्या. रायगड पडल्यास तेव्हा एकोणतीस वर्षे आणि आठ महिने झाले होते.